गालातला गोटा

माकडांना अजून थोडीफार लाज वाटायची, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या जांभळीवर भिंगऱ्या नावाचं माकड राहायचं. खाली खडकावर लव्हाळी नावाची पाणमांजर उताणी पडून एक गुळगुळीत गोटा अंगावर खेळवायची. गोटा तळव्यावरून कोपरावर, तिथून छातीवर आणि पलीकडच्या हातावर जायचा. ती त्याला उडवत नसे, मुठीतही धरत नसे.

"यात काय मोठंसं! मी करून दाखवतो," असं भिंगऱ्यानं कळपाला सांगून टाकलं आणि मग खाली येऊन लव्हाळीचे पाय धरले.

"हात उघडा ठेव," ती म्हणाली. "गोटा जाईल तिकडे हात ने. पकडू मात्र नकोस."

भिंगऱ्यानं गोटा मनगटावर ठेवला. तो जरा घरंगळला, तोच भिंगऱ्यानं तो गालात कोंबला. पुन्हा ठेवला, पुन्हा गालात.

"मेल्या, ते जांभूळ नाही!" लव्हाळी ओरडली.

भिंगऱ्यानं गोटा काढून परत मनगटावर ठेवला, इतक्यात त्याच्या काखेत पिसू चावली. हात वर करून तो खाजवू लागला आणि मनगटावरचा गोटा पार विसरला. गोटा डुलत कोपरावर आला, खांद्यावरून मानेवर गेला आणि अलगद दुसऱ्या खांद्यावर उतरला. झाडावरचा कळप श्वास रोखून बघत राहिला. भिंगऱ्याला कळलं तेव्हा आनंदाच्या भरात त्यानं गोटा गालात कोंबला.

"कसं केलंस रे?" कळपानं विचारलं.

"खाजवून," तो भरल्या गालानं म्हणाला.

तेव्हापासून सगळी माकडं काखा खाजवत बसतात. लव्हाळीनं मात्र गोटा परत मागून घेतला आणि आधी नीट धुतला.