साखरपुड्याचा फेटा

केस उडालेल्यांनी पुढं बसावं, गोष्ट तुमचीच आहे. बाकीच्यांनी हसू नये, तुमचंही कपाळ वाढायला लागलंय.

कऱ्हाडच्या रणधीरनं डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढं लावून घेतले. डॉक्टरांनी बजावलं, "दहा-बारा दिवस डोक्याला काही लागू देऊ नका, मुळं निसटतील." पण नवरीच्या आनंदरावमामांनी मुहूर्त अलीकडं ओढला आणि पाचव्याच दिवशी साखरपुडा आला.

भर मांडवात मामा भरजरी फेटा घेऊन उभे, आणि रणधीरच्या डोक्यावर नुसती खपल्यांची रांगोळी!

"मामा, आज फेटा नको," तो काकुळतीला आला.

"फेटा नाही, तर साखरपुडाही नाही!" मामा गरजले. "दोन्ही घरांचं नाव ज्यानं राखायचं, त्याचा हा मान!"

रणधीरनं मान खाली घातली. तेवढ्यात नवरी, म्हणजे तेजल, पुढं आली.

"मामा, दोन्ही घरांचं नाव राख, हे सकाळपासून तुम्ही मलाच सांगताय. यांना एकदाही नाही. मग मान माझाच की! बांधा."

आणि पदर सावरून ती मामांपुढं बसलीसुद्धा. बायका खदखदल्या. मामा गुमान बांधायला लागले.

अंगठी घालताना रणधीर कुजबुजला, "महिन्याभरात हेही केस गळतात म्हणे. पुरते यायला वर्ष जाईल."

"येऊ देत सावकाश," तेजल फेटा सावरत म्हणाली. "मी होकार दिला तेव्हा तरी कुठं होते?"