महाराजांचं नाव कोण घेणार?

चिठ्ठी द्यावी तर नियम मोडतो, आणि न द्यावी तर निवडणूकच मोडते! चांदवेल नगरीच्या चावडीत मताच्या चिठ्ठ्या वाटायला बसलेली बकुळा भर दुपारी अशी कात्रीत सापडली, आणि तिला त्यात अडकवणारे होते खुद्द महाराज.

नगरशेठ निवडायचा होता. गेल्या खेपेला काही पठ्ठ्यांनी पागोटी बदलून बदलून दिवसभर मतं टाकली आणि दिवाणजींचा मेहुणा त्र्यंबकशेठ निवडून आला. आल्या आल्या त्याने गावच्या पाणवठ्याचं पाणी आपल्या केळीच्या बागेत वळवलं. तेव्हापासून बकुळेसकट साऱ्या बायका लांब नदीवरून हंडे वाहत होत्या. म्हणून यंदा महाराजांनी दवंडी पिटवली, की मतदाराला ओळखणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी त्याचं नाव मोठ्याने सांगायचं, तरच चिठ्ठी मिळेल. मग तो कुणीही असो! आणि वाटायला बसवली तांबटांची बकुळा, कारण ती कुणाच्या बापाला भीत नाही अशी तिची ख्याती होती.

सकाळपासून काम झकास चाललं होतं. "हा आमचा सोपाना कुंभार!" "ही शेजारची यमुनाकाकू!" करत रांग सरकत होती. तेवढ्यात पालखी आली. महाराज उतरले, मुकाट्याने रांगेत उभे राहिले (याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे), आणि पाळी आल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"आण चिठ्ठी!"

"देते की, महाराज. आपलं नाव कोण सांगतंय?"

रांगेतला जो तो एकेक पाऊल मागे सरकला. कारण नगरीत आणखी एक नियम होता, महाराजांच्या आजोबांपासूनचा. गादीवरच्या महाराजांचं नाव प्रजेने तोंडातून काढायचं नाही! काढलं, तर जन्मभर हत्तीखाना झाडायचा. आणि हत्ती काही कमी नव्हते.

दिवाणजी पुढे धावले. "अगं ए, महाराजांना कोण ओळखत नाही? दे चिठ्ठी!"

"देईन हो, दिवाणजी. पण मग तुमची ती मागची माणसं म्हणतील, आम्हाला तरी कोण ओळखत नाही? त्यांना काय सांगू?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रांगेच्या टोकाला दहाबारा गडी उभे होते, आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक जादा पागोटं!

महाराजांच्या मिश्या थरथरल्या. ते जितके हट्टी होते, तितका हट्टी हत्तीसुद्धा त्यांच्या हत्तीखान्यात नव्हता. "नियम दोन्ही आमचे! एकही मोडायचा नाही. आणि चिठ्ठी घेतल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही. दिवस मावळायच्या आत जमव. नाही जमलं, तर निवडणूक रद्द! त्र्यंबकशेठच पुढे चालू!"

दिवाणजींना गुदगुल्या झाल्या. बायकांचे चेहरे पडले. बकुळेला तर समोर दिसू लागलं: पुन्हा ती नदीची चढण, पुन्हा ते हंडे! आणि तेही आपल्यामुळे!

लोक आपापली अक्कल पाजळू लागले.

"नाणं दाखव! नाण्यावर नाव आहे."

"नाणं बोलतं का?" महाराज गुरकावले. "मोठ्याने सांगायचं असं ठरलंय!"

"मग राजवाड्यातला पोपट आणा!"

"तो आम्हाला 'महाराज'च म्हणतो. त्यालाही झाडू नको असेल."

इतक्यात दुसरी पालखी आली आणि राणीसाहेब उतरल्या. त्यांनाही मत द्यायचं होतं. दासीने खणखणीत आवाजात सांगितलं, "या राणी चित्रलेखाबाई!" बकुळेने त्यांना चिठ्ठी दिली आणि एकदम तिचे डोळे लकाकले.

"राणीसाहेब, जरा थांबा. या गृहस्थांना आपण ओळखता?"

राणीसाहेबांनी महाराजांकडे नखशिखान्त पाहिलं. "चांगलीच ओळखते!"

"मग नाव घ्या!"

चावडीतल्या बायकांना एकदम कंठ फुटला. "नाव घ्या, नाव घ्या! उखाण्यात घ्या!"

"थांबा!" दिवाणजी किंचाळले. "प्रजेने नाव घ्यायचं नाही! राणीसाहेब झाल्या तरी प्रजाच!"

"असं?" बकुळा म्हणाली. "मग हे तुम्हीच त्यांच्या तोंडावर सांगा ना!"

राणीसाहेबांनी नुसती मान वळवली. दिवाणजी उपरण्याने घाम पुसत खांबाआड गेले.

"आणि महाराज," बकुळा म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत राणीसाहेबांनी आपलं नाव घेतलं, तेव्हा त्यांना हत्तीखान्यात धाडलं होतं का आपण?"

"छे! आम्ही घास भरवला होता!" महाराज बोलून गेले आणि लाजले.

राणीसाहेबांनी पदर सावरला, घसा साफ केला आणि साऱ्या चावडीला ऐकू जाईल असं नाव घेतलं:

"सूर्य आला माथ्यावर, रांग गेली वेशीपार,
हैबतराव हट्टी खरे, पण मनाने उदार!"

अशा टाळ्या पडल्या, की चावडीवरची कबुतरं उडाली. महाराज आधी गोरेमोरे झाले, मग मिशीत हसले, मग पोट धरधरून हसू लागले, ते डोक्यावरचा मंदील घसरेपर्यंत!

"हट्टी म्हणालात आम्हाला? चारचौघांत?"

"उदारही म्हणाले," राणीसाहेब उत्तरल्या. "तेही चारचौघांतच. आता ते खरं करून दाखवा!"

"घ्या! म्हणजे आता काहीतरी द्यावंच लागणार!" महाराज डोळे पुसत वळले. "बकुळा, दोन्ही नियम राखलेस. माग, काय हवं ते माग!"

बकुळेने त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. "एवढंच मागते, की महाराजांनी आता पुढे सरकावं. मागे लोक उन्हात खोळंबलेत!"

महाराज पुन्हा खदखदून हसले, हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी बकुळेच्या हातात घातलं, आणि खरोखरच पुढे सरकले. जादा पागोटीवाल्यांची नावं सांगायला मात्र कुणीच पुढे आलं नाही. संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा त्र्यंबकशेठ सपाटून आपटला होता, आणि दुसऱ्या दिवशी नव्या नगरशेठने पाणी परत वळवताच गावच्या पाणवठ्यावर हंड्यांची ही गर्दी उसळली!