गुलाबबाईंचा एसी

ज्या काळी मोटारी बोलायच्या आणि मालकांना ते ऐकू यायचं नाही, त्या काळी साताऱ्यात गुलाबबाई नावाची एक जुनी मोटार राहायची. शेजारच्या नव्या गाडीला एसी आहे हे कळलं आणि बाईंना उकडायला लागलं. इतकी वर्षं कधी उकडलं नव्हतं.

मालकाने त्यांना गॅरेजात नेलं. तिथे दोन एसी होते. धाकटा म्हणाला, "मी बेताचंच गार करतो, पण तुमच्या इंजिनाला झेपेन."

थोरला म्हणाला, "माझ्यापुढे बसणारे स्वेटर मागतात."

बाई थोरल्यावर भाळल्या. त्यांचा रेडिएटर म्हणाला, "बाई, ह्याच्या भाराने इंजिन तापेल आणि निस्तरावं लागेल मला. धाकटा घ्या."

"तू पाणी पी आणि गप्प बस," बाई म्हणाल्या. मालकाने धाकट्याला हात लावताच त्या मुद्दाम खोकल्या, तेव्हा थोरलाच बसवला गेला.

भर वैशाखात घाट चढताना बाई वाफा सोडत मध्येच थांबल्या. इंजिन बंद पडलं, तसा थोरलाही बंद पडला. मालक आणि मालकीणबाई घामाघूम होऊन त्यांना कडेला ढकलू लागले.

"आता काय करायचं रे?" बाईंनी रेडिएटरला हळूच विचारलं.

"पाणी तर संपलं," तो म्हणाला. "आता नुसता गप्प बसतो."