आग्यामोहोळाचा कडा

“मग माझ्यात अजून कमी काय आहे, तेवढं तरी सांगा.”

मकरंदने हे विचारलं तेव्हा ते चढावर होते. पुढे सोमगीर बुवा, मागे मकरंद, आणि मकरंदच्या डाव्या पायाला लागून त्याचा कुत्रा, बादल.

बुवा चालत राहिले.

शहरामागच्या डोंगरावर वनखात्याचं उद्यान आहे. आखलेल्या पायवाटा, फाट्याफाट्यावर दगडांना रंगाचे बाण. सगळ्यांत वरची वाट खिंडीतल्या एका लहानशा मठात जाते. तिथे सोमगीर बुवा एकटे राहायचे. रविवारी सकाळी बाजाराला खाली उतरत आणि पिशवी घेऊन पुन्हा चढत. त्या वेळी मकरंद खासनीस कुत्र्यासह उद्यानाच्या फाटकाशी उभा असे. शहरात तो पोहण्याचे वर्ग चालवायचा. वय चाळिशीच्या पुढे, अंग काटक, बोलणं ठाम. बुवांनी अनुग्रह द्यावा, आपल्याला शिष्य म्हणावं, एवढंच त्याचं मागणं. बुवा हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते.

“फाटकावर पाटी आहे,” बुवा म्हणाले. “कुत्र्याला पट्टा बांधा म्हणून.”

“ती इतरांसाठी. बादलला शब्द पुरतो.”

समोरून वानरांची टोळी उतरत होती. मकरंद हळूच म्हणाला, “बस.”

बादल बसला. वानरं वाट ओलांडून गेली. एक पिल्लू तर अगदी त्याच्या नाकासमोरून गेलं. बादलच्या पाठीवरची कातडी थरथरली, पण तो हलला नाही. टोळी झाडीत दिसेनाशी झाली, तरी तो बसूनच होता.

“ये.”

बादल उठला आणि पुन्हा पायाशी आला.

“मनही मी असंच बसवलंय, बुवा. पहाटे आसनावर बसलो की उठावंसं वाटत नाही. राग येत नाही. पावसाळ्यात आई गेली, तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही.”

“नाही आलं?”

“नाही.”

“बरं…”

बुवांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मठाच्या अलीकडे वाट एका उंच कड्याखालून जाते. कड्याच्या पोटाशी आग्यामोहोळाची मोठमोठी पोळी लटकतात. एरवी त्या माशा कुणाच्या वाटेला जात नाहीत. माणसं खालून आवाज न करता निघून जातात. कड्याखाली कठडा आहे. तिथून सगळी दरी दिसते. मकरंदने बादलला मागे वाटेत बसवलं आणि तो बुवांबरोबर कठड्यापाशी गेला.

तेवढ्यात वरून एक शिकारी पक्षी आला, पोळ्यावर झडप घालून लचका घेऊन गेला. पोळं काळं दिसत होतं, ते एकदम हललं. मग आवाज आला.

“पळा, बुवा.”

मकरंदने त्यांना दंडाला धरलं आणि ओढत नेलं. वळण ओलांडलं, पायऱ्या चढले, मठात शिरले. मकरंदने दार लावून कडी घातली. त्याच्या मानेला दोन-तीन माशा चावल्या होत्या. तो धापा टाकत भिंतीला टेकला.

“बादल?” बुवांनी विचारलं.

“येईल. कुत्रा आहे. आपल्या आधी पळाला असेल.”

बुवा त्याच्याकडे बघत राहिले.

मकरंदचा चेहरा उतरला. “मी त्याला… बस म्हटलं होतं.”

बुवांनी खुंटीवरची कांबळ काढली, डोक्यावरून घेतली आणि कडी काढली.

“बुवा, तुम्ही नका जाऊ. या वयात तुम्हाला सोसणार नाही.”

“दार लावून घे.”

मकरंदने दार लावलं. कडीवर हात ठेवून उभा राहिला. दोनदा ती काढली, दोनदा घातली. बाहेर माशांचा आवाज एकसारखा चालू होता. हाक मारावी असं त्याला वाटलं. इथून हाक पोचली तर बादल येईल. पण हाक मारायची तर दार उघडायला हवं होतं. दार उघडलं असतं तर… त्याने ते उघडलं नाही.

पुष्कळ वेळाने दारावर पायाची ठोकर बसली.

बुवांच्या हातात कांबळीचं गाठोडं होतं. त्यातून बादलचे मागचे पाय लोंबत होते. बुवांचा एक डोळा सुजून मिटला होता. ओठ जाड झाला होता.

“बसला होता,” बुवा म्हणाले. “चल म्हटलं. माझा शब्द त्याला लागत नाही. उचलावा लागला.”

बादलचं तोंड ओळखू येत नव्हतं. दोघांनी खाली बसून नखांनी काटे काढले, ओली फडकी ठेवली. माशा शांत झाल्यावर मकरंदने त्याला खांद्यावर घेतलं आणि तो पलीकडच्या लांब वाटेने डोंगर उतरला. जनावरांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या. रात्र निघेल की नाही, सांगता येत नाही म्हणाले. मकरंद दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. तिथे तो रडला. कुत्र्यासाठी रडायला लागला आणि मग आईसाठीही रडला.

बादल वाचला.

काही आठवड्यांनी मकरंद पुन्हा फाटकाशी दिसला. बादलच्या गळ्यात पट्टा होता, पण ओढत बादलच होता. झुडूप दिसलं की थांबायचा, हुंगायचा, मन भरलं की पुढे निघायचा. मकरंद मागून जात होता. त्या दिवसापासून त्याने कुत्र्याला एकही हुकूम दिला नव्हता. तोंडातून शब्दच निघत नसे.

दोघं मठात पोचले तेव्हा बुवा अंगणात तांदूळ निवडत होते. त्यांच्या डोळ्याखाली अजून काळा डाग होता. बादल सरळ त्यांच्याकडे गेला आणि सुपात नाक घातलं. बुवांनी त्याला कोपराने बाजूला सारलं.

मकरंदने वाकून नमस्कार केला. उठला नाही. गुडघ्यांवरच राहिला.

“बुवा, मी मन बसवलंय म्हणालो होतो. काही बसवलं नव्हतं. मी त्याला विसरून पळालो. मग कळलं, तरी दार उघडलं नाही.”

“हं.”

“बसला होता तो बादल. अंगावर मरण आलं, तरी धन्याचा शब्द त्याने मोडला नाही. मी त्याच्याकडे रोज बघतो, बुवा. शिष्य असावा तर असा.”

बुवा तांदळातले खडे वेचत राहिले.

“मला आता दुसरं काही नको. मला त्याच्यासारखं बसायला शिकवा. तुम्ही बस म्हणालात की मी बसेन. काहीही झालं तरी उठणार नाही.”

बुवांचा हात थांबला.

“आणि तुला बस म्हणून मीच पळालो तर?”