अडवलेल्या वर्षेची ओटी

एका राज्यात, बाबांनो, पावसाला वर्षा म्हणत आणि तिला घरची लेक मानत. चार महिने ती माहेरपणाला यायची. शरद लागला की राजघरातल्या बाईनं वेशीवर तिची ओटी भरायची, राजानं "ये पुन्हा" म्हणायचं, की ती डोंगरापलीकडं आपल्या घरी जायची. राज्य मोठं. पण तेवढ्या एका शब्दानं सगळ्या मुलखाचं आभाळ निवळायचं.

राजाचं नाव धवलसेन. राणी देवाघरी गेलेली. एकुलती लेक वेणावती, ती तापानं अंथरुणाला खिळली. तेव्हा एक मायावी जोगी आला. म्हणाला, "राजा, वर्षा राज्यात आहे तोवर लेक जगेल. ती गेली की ही गेली."

राजा उठला आणि त्यानं वेशीचं दार लावलं. त्या साली ओटी नाही, निरोप नाही.

लेक उठून बसली, जेवली, हसली. पण वर्षा अडकली. निरोपावाचून माहेरचा उंबरा कसा ओलांडावा? ती राज्यभर वेड्यासारखी फिरू लागली. पूर्वेला वादळं उठली. मधल्या मुलखात कापणीचं भात आडवं झालं. उत्तरेला थंडी येऊन वाट अडवून उभी होती. दोघींची गाठ पडली, तसा उभ्या ज्वारीवर बर्फ पडला.

एक दिवस खिडकीत टिटवी येऊन बसली.

"राजकन्ये, तुझं हसू फार महाग पडलं हो मुलखाला."

"तुझ्या तोंडाला कधी विसावा असतो का गं?"

"असता तर तुला खरं कुणी सांगितलं असतं?" आणि टिटवीनं जोग्याच्या बोलापासून सगळं सांगितलं.

वेणावतीनं खिडकीतून भिजलेला मुलूख पाहिला. मग म्हणाली, "ओटीला काय लागतं?"

"मूठभर कोरडे तांदूळ. एक खण. आणि ज्यानं अडवलं, त्याच्या तोंडचा शब्द."

वेणावती चिखल तुडवत निघाली. भिजलेल्या मुलखात कोरडं धान्य कुठलं? शेवटी एका टेकडीवर चांगुणा म्हातारी भेटली. तिच्या कनवटीला, अंगाच्या उबेत, मूठभर तांदूळ होते. वेणावतीनं ते वर्षेच्या ओटीसाठी मागितले.

"नातवाच्या उष्टावणाला ठेवलेत गं पोरी."

"आजी, मग राहू द्या."

म्हातारीनं आभाळाकडं पाहिलं. "ने. ही वर्षा अशीच राहिली तर त्याला दुसरा घास कुठून घालू?"

पुढं उत्तरेच्या बर्फात खणाची सोय झाली. वेणावतीच्या लग्नासाठी विणलेला शालू तिनं सोबत घेतला होता. टिटवीनं चोचीत टोक धरलं, वेणावतीनं त्यातला खणाएवढा तुकडा फाडला.

मग ती वेशीवर आली. तिथं राजा दाराला पाठ लावून उभा.

"बाबा, दार उघडा."

"नाही."

"तिलाही घर आहे, बाबा."

"मला तू आहेस."

"म्हणून तर मीच आले. दुसरं कुणी तुम्हाला हे म्हणू शकलं नसतं."

राजा दारापासून बाजूला झाला. दार उघडलं. वेणावतीच्या मागं वर्षा उभी होती, केस मोकळे, डोळे सुजलेले. वेणावतीनं तिला कुंकू लावलं, ओटी भरली. वेशीवर जमलेले लोक राजाकडं पाहू लागले. त्यानं लेकीचा हात धरला. मग म्हणाला,

"ये पुन्हा."

वर्षा दाराबाहेर पडली. ढग तिच्यामागून निघाले. वेणावतीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"येते हं, बाबा."

"ये, बाळ," राजा म्हणाला, आणि वेणावतीनं त्याच्या खांद्यावरच डोळे मिटले.

ऊन पडलं. बर्फ विरघळला. जे पीक उरलं होतं ते लोकांनी घरी नेलं, आणि चांगुणेच्या नातवाचं उष्टावण राजाच्या मांडीवर झालं.

तेव्हापासून शरद लागला की त्या वेशीवर दोन ओट्या मांडतात. एक वर्षा घेऊन जाते. दुसरी, वेणावतीची, तिथंच राहते, आणि राजा दोन्हींकडं पाहून म्हणतो, "ये पुन्हा."

त्यांचं आभाळ निवळलं, तसं तुमचंही निवळो.