राजाला न विचारता

खडकपूरचे राजे चंडदेव यांना गेम खेळायला नवा कॉम्प्युटर हवा होता, आणि तो जोडून द्यायला राज्यात कोणी धजत नव्हतं. कारण राजेसाहेबांची अट! सुटे भाग जोडणाऱ्याने स्वतः निवडायचे. पण खेळ कोणता, कॉम्प्युटर ठेवायचा कुठे, यातलं काहीही विचारायचं नाही. ना राजांना, ना राजवाड्यातल्या कोणाला.

"खरा कारागीर विचारत बसत नाही," राजे म्हणत. "एक भाग जरी चुकला, तर हत्तीखाना!"

आतापर्यंत तिघे हत्तीखान्यात गेले होते. पहिल्याने बाजारातला प्रत्येक भाग सर्वांत महाग आणला. त्याचं काय झालं ते पाहून दुसऱ्याने प्रत्येक भाग सर्वांत स्वस्त आणला. तिसरे गफूर वस्ताद. त्यांनी तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून सगळं मधलं आणलं. राजांनी तिघांनाही "चुकलं!" एवढंच ऐकवलं. काय चुकलं ते सांगितलं नाही. आता तिघे रोज सकाळी हत्ती घासत होते.

चांगुणा ही घड्याळजीची मुलगी. कॉम्प्युटरचं काम ती गफूर वस्तादांच्या हाताखाली शिकली होती. वस्तादांचे गुडघे दुखायचे आणि हत्ती उंच होते. तिला ते बघवेना. ती सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"मी जोडते, महाराज. आठ दिवस द्या. जमलं तर तिघांना सोडायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मलाही एक हत्ती द्या."

प्रधानजींनी नोंद केली.

चांगुणा जायला वळली आणि जाता जाता म्हणाली, "तसं काम सोपंच आहे. पत्त्यांच्या खेळाला लागतं काय! कसलंही ग्राफिक्स कार्ड चालून जाईल."

"पत्ते?" राजे ताडकन उठले. "मी पत्ते खेळतो? अगं, मी रथांच्या शर्यती खेळतो! एका वेळी चाळीस रथ! घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसला पाहिजे!"

"माफी असावी, महाराज," चांगुणा म्हणाली. घरी जाऊन तिने दमदार ग्राफिक्स कार्ड निवडलं.

दोन दिवसांनी ती मोजपट्टी घेऊन पुन्हा आली आणि दरबाराच्या मधोमध जमीन मोजू लागली.

"हे काय चाललंय?" राजे गरजले.

"जागा धरतेय, महाराज. दरबारात ठेवायचा म्हणजे कॅबिनेट कपाटाएवढं घेतलं तरी शोभेल. पंख्यांची घरघरही इथल्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार नाही."

"दरबारात? म्हणजे मी हरताना प्रधानांनी बघायचं?"

प्रधानजी छताकडे बघू लागले.

"राणीसाहेबांच्या खोलीला लागून माझी अभ्यासिका आहे. तिथलं टेबल हातभर रुंद! आणि मी खेळतो दुपारी, त्या झोपलेल्या असताना. डास गुणगुणला तरी त्या उठतात!"

"चुकलंच माझं," चांगुणा म्हणाली आणि मोजपट्टी गुंडाळून निघाली. तिने आटोपशीर कॅबिनेट घेतलं, त्यात मावेल याची खात्री करून कार्ड पुन्हा मोजलं, आणि हळू फिरणारे मोठे पंखे निवडले, म्हणजे हवा पुरेल आणि आवाज होणार नाही.

सहाव्या दिवशी राजे प्रधानजींसोबत बागेत फिरत होते. चांगुणाने वाटेतच मुजरा केला. "सगळं उरकत आलं, महाराज. आपण एकटेच खेळणार, म्हणून रॅम थोडीच घेतली. डिस्कही लहान."

"एकटा?" राजांची काठी हवेत गेली. "शेजारच्या भीमसेन राजाशी खेळतो मी! त्याच्याशी खेळता खेळता बोलावं लागतं, नाहीतर तो चिडतो. वर प्रत्येक विजयाचं रेकॉर्डिंग होतं आणि ते सात राज्यांत पाठवलं जातं. एकही विजय पुसलेला मला चालणार नाही!"

पराभवांचं काय, हा प्रश्न चांगुणाच्या अगदी ओठांवर आला होता. तो तिने गिळला. त्याच दिवशी तिने भरपूर रॅम, मोठी डिस्क आणि हे सगळं पेलणारा प्रोसेसर आणला. या साऱ्यांना मिळून किती वीज लागेल याची बेरीज करून पॉवर सप्लाय त्याहून थोडा मोठा घेतला.

आठव्या दिवशी दुपारी, नोंद घ्यायला आलेल्या प्रधानजींसमोर, अभ्यासिकेत कॉम्प्युटर सुरू झाला. टेबलावर नेमका बसला. चाळीस रथ धावले. राजांनी नाक पडद्याला लावून घोड्याचे केस तपासले. पलीकडच्या खोलीत राणीसाहेब घोरत होत्या. शर्यत संपली, रेकॉर्डिंग डिस्कवर उतरलं.

राजांनी चुका शोधल्या. सापडेनात. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"तुला हे सगळं कळलं कसं? कोणी सांगितलं?"

"सांगणारे याच खोलीत आहेत, महाराज."

प्रधानजींच्या हातातली वही खाली पडली.

"नाव सांग!" राजे दबक्या आवाजात ओरडले.

"आपणच."

"मी? म्हणजे तू मला विचारलंस!"

"एकदाही नाही, महाराज. प्रधानजींची वही बघा. मी एकही प्रश्न विचारलेला नाही. मी फक्त चुकत गेले. आपल्याला चूक सहन होत नाही!"

प्रधानजींनी वही उचलून पानं चाळली. प्रश्न खरंच एकही नव्हता.

राजे एवढ्या मोठ्याने हसले की राणीसाहेब जाग्या झाल्या.

तिघेही त्याच दुपारी सुटले. गफूर वस्तादांना गुडघ्यांसाठी राजवैद्यांचं तेल मिळालं, आणि चांगुणाला राजवाड्याच्या दरवाज्यापाशी दोन दारांचं दुकान.

दुकानात पहिलं गिऱ्हाईक म्हणून राजे स्वतः आले. त्यांना नवा कीबोर्ड हवा होता. चांगुणाने तोंड उघडायच्या आत त्यांनी कोणता, कशासाठी आणि कोणत्या रंगाचा, ते सगळं सांगून टाकलं.