मैनेने कुणाचा आवाज उचलला

गाढवांच्या पाठीवरून माती वाहिली जायची, त्या फार जुन्या काळी नदीकाठी एक कुंभार राहत होता. त्याची बहीण बाजारात मडकी विकायची. तिची हाक वेशीपर्यंत ऐकू जायची. ओसरीवरच्या पिंजऱ्यातली मैनाही तिच्याच आवाजात ओरडायची, "या, मडकी बघा!"

एके दिवशी हाक देता देताच बहीण कोसळली. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. शुद्धीवर आल्यावर तिला पाणी हवं होतं, पण तोंडातून आलं, "चाक." आपलाच शब्द ऐकून ती घाबरली आणि गप्प झाली.

वैद्य म्हणाले, "हिला सगळं समजतं. फक्त शब्द सापडत नाहीत. रोज बोलतं करा, आणि घाई करू नका."

कुंभाराच्या बायकोचा, म्हणजे वहिनीचा, या नणंदेवर फार जीव. ती म्हणाली, "मी आहे ना! वन्संना बोलायची वेळच येऊ देणार नाही."

नणंदेचे ओठ हलले की वहिनी धावायची. "राहू द्या वन्सं, कळलं मला!" पाणी यायचं, शाल यायची, भाकरी यायची. शब्द मात्र येईना.

वहिनीला दिवस गेले होते. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं, अशी रीत. नणंद तिच्या पोटाकडे बघायची आणि डोळे पुसायची.

एकदा शेजारीण आली. "काय गं, बरी आहेस ना?"

नणंदेने तोंड उघडलं. तेवढ्यात पिंजऱ्यातून थेट वहिनीचा आवाज आला, "राहू द्या वन्सं, कळलं मला!"

शेजारीण खो खो हसली. "अगंबाई, पाखरूसुद्धा हिला बोलू देत नाही!"

वहिनी जागच्या जागी थिजली. मैनेच्या तोंडी नणंदेचा एकही शब्द उरला नव्हता. "हे मी केलं?" ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन नणंदेसमोर बसली. "वन्सं, हे काय?"

"पा…" नणंद अडली. चुलीवर दूध उतू गेलं. वहिनी हलली नाही.

"पा…णी."

मग रोज सकाळी तेच चाललं. माती, चाक, मडकं. एकदा नणंद मांजराला "परात" म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

मुलगी झाली. बारशाला एक म्हातारी कुजबुजली, "आत्याला बोलता येत नाही. दुसरी कुणी बसवा."

"नाव वन्संच ठेवतील," वहिनी म्हणाली.

नणंद पाळण्यावर वाकली. बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलून उभ्या होत्या. तिचे ओठ नुसतेच हलत राहिले. वहिनीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

"कु…र्र… रे…वा."

सगळ्यांचे हात वरच राहिले. कुणाचा कानांवर विश्वास बसेना. धपाट्यांची वाट बघून नणंदेने मान वळवली.

"मा…रा की!"

मग मात्र पाठीवर धपाट्यांचा पाऊस पडला, आणि पहिला धपाटा त्या म्हातारीचा होता.

पुढे त्या घरातली मैना प्रत्येक शब्द मध्येच थांबून बोलू लागली: "पा…णी. रे…वा."

तात्पर्य: ज्याचा शब्द अडला आहे त्याच्याऐवजी बोलू नका, त्याचा शब्द येईपर्यंत थांबा.